विहिरीवर सव्वादोन किलो, बागेत पाऊण किलोही नाही : पाईपातलं प्रेशर जाते कुठं?

बागायतदार वरूड

राम राम मंडळी. वरूड तालुक्यात माही पाच एकर संत्र्याची बाग आहे, ५६० झाडं. विहीर खाली नाल्याच्या काठाले अन् बाग वर बरडावर. विहिरीवर पाच एचपीची मोटर, तिथंच फिल्टर, तिथून ६३ मिमीची पीव्हीसी लाईन, चार किलो प्रेशर सोसणारी, ३८० मीटर लांब. प्रत्येक झाडाले ठिबकाचे, ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर.

आंबिया बहार धरला आहे. फळ लिंबाएवढं झालं अन् आता उन्हानं बाग भाजते आहे. पहिल्या ओळी हिरव्यागार, पण शेवटच्या आठ ओळींची पानं सकाळी दहालेच वळतात, खाली फळाचा सडा पडते. ड्रिपर चोकअप असतील म्हणून नळ्या फ्लश केल्या, आम्लप्रक्रिया केली, काही फरक नाही. मंग काल शेवटच्या ओळीत ड्रिपरखाली मापाचा ग्लास धरला अन् मोबाईलवर तीन मिनिटं लावली. ४०० मिली याले पाह्यजे, २५० मिली आलं. पहिल्या ओळीत ३२० आलं. म्हणजे तिथंही पुरं नाही.

फिल्टरच्या पुढच्या गेजवर, म्हणजे प्रेशरच्या काट्यावर, सव्वादोन किलो (चौरस सेंटीमीटरले) दिसते. आमच्याकडं सगळे म्हणतात ठिबकाले एक किलो लय झालं. मंग सव्वादोन किलो असून बाग उपाशी काऊन?

दोन सल्ले भेटले. एक, बागेच्या तोंडावर रिड्युसर टाकून पाईप ५० मिमीचा करून टाक, प्रेशर वाढते. दुसरा, साडेसातची मोटर बसव. पैसे घालायच्या आधी इथं विचारतो. कोणाले अनुभव असंन तं सांगा.

रिवाइंडिंग काटोल

भाऊ, पंधरा वर्षांपासून मोटरी बांधतो आहे. चढावर ३८० मीटर म्हणजे पाच एचपीले जास्तच होते. साडेसात बसवा अन् मोकळे व्हा.

विदर्भ ठिबक

रिड्युसरचा सल्ला बरोबर वाटतो. अंगणात झाडांना पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार दुप्पट लांब जाते, हे तर रोज पाहतो आपण. जागा कमी केली की प्रेशर वाढते.

पाणीपुरवठा निवृत्त

बागायतदार भाऊ, मोटर आणि रिड्युसर दोन्ही दोन दिवस थांबवा. मी यवतमाळ जिल्ह्यात नळयोजनांच्या लाईनी टाकण्यात आयुष्य घातलं आहे, आणि पाईपाबद्दलचे निम्मे चुकीचे खर्च एकाच गेजवर विश्वास ठेवून झालेले पाहिले आहेत. विहिरीवरचं गेज फक्त विहिरीवरचं सांगतं.

अजून एक गेज आणा. ते बागेच्या तोंडावर, जिथं ६३ची लाईन सबमेनला (ओळींच्या नळ्यांना पाणी वाटणाऱ्या पाईपाला) मिळते तिथं व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवा. सॅडल टाकून अर्धा इंची सॉकेट काढला की होतं. मग दोन वेळा आकडे घ्या. आधी बागेचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून मोटर मिनिटभरच चालवा आणि दोन्ही गेज वाचा, जास्त वेळ बंद तोंडावर चालवू नका. मग व्हॉल्व्ह उघडून, सगळ्या ओळी चालू असताना पुन्हा वाचा. फिल्टरच्या मागचं गेजही वाचा. शेवटचा प्रश्न, विहिरीपासून बागेपर्यंत चढ किती आहे? अंदाज नको, मोजून सांगा. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीनं टप्प्याटप्प्यानं मोजता येतो.

बागायतदार वरूड

साहेब, मोजलं. गवंडीभाऊ सोबत होता, लेव्हलच्या नळीनं धुऱ्याधुऱ्यानं गेलो. चढ भरला ४ मीटर.

व्हॉल्व्ह बंद असताना फिल्टरच्या मागं ३.२ किलो, फिल्टरच्या पुढं ३.२, बागेत २.८.

व्हॉल्व्ह उघडून सगळं चालू असताना फिल्टरच्या मागं २.६, पुढं २.२, बागेत ०.६५.

खरं सांगतो, बंद असताना बागेतल्या गेजवर २.८ पाहून मले वाटलं गेजच खराब आहे. दोन्ही गेज अदलाबदल करून पाह्यले. तेच आकडे.

पाणीपुरवठा निवृत्त

गेज चांगली आहेत. तुमच्या आकड्यांत सगळं उत्तर लिहिलेलं आहे. नीट सांगतो, थोडं लांब होईल.

पहिल्यांदा किलो विसरा आणि मीटर धरा. एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. पंपाचे लोक ज्याला हेड म्हणतात ते हेच.

व्हॉल्व्ह बंद होता तेव्हा विहिरीवर ३२ मीटर, बागेत २८. फरक ४ मीटर, म्हणजे बरोब्बर तुमचा चढ. पाणी उभं आहे तोवर पाईप कितीही लांब असो, बारीक असो, वाटेत दाब जात नाही, फक्त उंची वजा होते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना ३.२ दिसलं ते त्यामुळंच. घाणीनं भरलेला फिल्टरसुद्धा उभ्या पाण्याचा दाब खात नाही.

आता पाणी चालू. विहिरीवर २२, बागेत साडेसहा. फरक साडेपंधरा. त्यातले ४ चढाचे. उरलेले साडेअकरा मीटर कुठं गेले? ते ३८० मीटर पाईपाच्या भिंतीशी घासून आणि पाण्यानं पाण्यातच घुसळून गेले. १०० मीटरला ३ मीटर. हे परत मिळत नाहीत.

वहीचं पान घ्या. खाली जमिनीची रेघ काढा, डावीकडं विहीर, उजवीकडं बाग ४ मीटर वर. विहिरीच्या जागी जमिनीपासून २२ मीटर उंचीवर एक ठिपका द्या. बागेच्या जागी तिथल्या जमिनीपासून साडेसहा मीटरवर दुसरा ठिपका. दोन्ही जोडा. ही उतरती रेघ म्हणजे दाबरेषा. आम्ही कामावर तिला हायड्रॉलिक ग्रेड लाईन म्हणायचो. पाईपाला कुठंही भोक पाडून उभी नळी लावली तर तिच्यात पाणी या रेघेपर्यंत चढतं. ही रेघ आणि जमीन यांच्यातलं अंतर म्हणजे त्या जागी तुमच्या हातात असलेला दाब. व्हॉल्व्ह बंद केला की रेघ आडवी, सपाट. उघडला की उतरती. जेवढं पाणी जास्त, तेवढा उतार कडक. पाणी दुप्पट केलं तर उतार दुप्पट होत नाही, साडेतीन पटींच्या पुढं जातो.

फिल्टरशी ही रेघ एकदम ४ मीटर खाली उडी मारते, कारण मागं २.६ आणि पुढं २.२. ही उडी जास्त आहे. आज फिल्टर उघडून धुवा, आणि धुतल्यावर किती फरक उरतो तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढं तोच तुमचा मापदंड.

आणखी एक. ६३चा पाईप आतून ५९ मिमीच्या आसपास भरतो. त्यातून १०० मीटरला ३ मीटर जातात म्हणजे सेकंदाला साधारण ३.७ लिटर पाणी वाहतंय. तुमच्या ५६० झाडांना, चार-चार ड्रिपरना, ताशी सुमारे १८,००० लिटर लागतात, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. पाण्याचं मीटर न लावता दोन गेजांनी तुमचा प्रवाह मोजून दिला.

बागायतदार वरूड

साहेब, फिल्टरची जाळी काढली तं त्याच्यात शेवाळाचा पापुद्रा होता, नखानं सोलून निघाला. धुतली. आता फरक पाव किलो राह्यला. वहीतली रेघ पोराले काढून दिली, तो बारावीले आहे. तो म्हणते ‘बाबा, हे आमच्या पुस्तकातलं बर्नोली आहे.’ पण मंग त्याचा प्रश्न आहे : बर्नोली तं म्हणते ऊर्जा कायम राहते. इथं तं कमी झाली.

भौतिकी मास्तर

पोराने नेमकी जागा पकडली, त्याला शाबासकी द्या. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, म्हणून हे मी घेतो.

डॅनियल बर्नोलीने १७३८ साली मांडलेला हिशेब असा की वाहत्या पाण्याजवळ ऊर्जा तीन रूपांत असते. उंचीमुळे, दाबामुळे आणि वेगामुळे. तिन्ही मीटरमध्ये मोजता येतात आणि एकमेकांत बदलतात. पाईप अरुंद झाला की वेग वाढतो, आणि ती वेगाची ऊर्जा दाबातून वळते, म्हणून दाब कमी होतो. पण हा हिशेब घर्षण नसलेल्या आदर्श द्रवाचा आहे. पुस्तकात ती अट एका ओळीत येते आणि मुलं ती ओळ सोडून सूत्र पाठ करतात. खऱ्या पाईपात चौथा रकाना लागतो : वाटेत गेलेलं. तो धरला की ताळेबंद पुन्हा जुळतो. ऊर्जा नष्ट झाली नाही, तिची उष्णता झाली. तुमच्या साडेअकरा मीटरने पाणी तापलं असेल जेमतेम पावणेतीन शतांश अंश, हाताला कधीच कळणार नाही. पण तेवढ्यासाठी सेकंदाला ३.७ लिटर पाण्यातली चारशे वॅटच्या वर शक्ती सतत खर्च होते आहे, आणि पंपाची कार्यक्षमता धरली तर बिलात त्याहून बरीच जास्त.

हा चौथा रकाना प्रत्यक्ष पाईपांवर प्रयोग करून भरणाऱ्यांत मोठं नाव फ्रान्सच्या हेन्री डार्सीचं. दिजाँ या आपल्या गावाला त्याने झऱ्याचं पाणी आणलं, ते १८४० मध्ये पोहोचलं. नंतर निरनिराळ्या पाईपांवरची त्याची मापं १८५७ मध्ये छापली गेली. आपण आज १०० मीटरला इतके मीटर म्हणतो, त्याचा पाया तिथला.

पोराला दोन रेघा काढायला सांगा. पाणीपुरवठ्याच्या काकांनी सांगितली ती दाबरेषा. तिच्यावर वेगाची ऊर्जा मिळवली की ऊर्जारेषा. तुमच्या पाईपात पाण्याचा वेग सेकंदाला १.३५ मीटर, म्हणजे दोन रेघांतलं अंतर अवघं ९ सेंटीमीटर. वहीत पेन्सिलीच्या जाडीत मावेल. त्या ९ सेंटीमीटरवर भांडण्यात अर्थ नाही, खरा प्रश्न साडेअकरा मीटरचा आहे. ऊर्जारेषा प्रवाहाच्या दिशेने फक्त खाली जाते. ती वर चढते ती एकाच ठिकाणी, पंपापाशी. दाबरेषा मात्र पाईप रुंद झाल्यावर थोडी वर येऊ शकते, कारण तिथे वेग कमी होऊन त्याचा दाब होतो. खत ओढणारी व्हेंच्युरी यावरच चालते. गळ्यात वेग इतका वाढतो की दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि बादलीतलं खत आत ओढलं जातं.

विदर्भ ठिबक

सर, मग अंगठ्याचं काय? अंगठा ठेवल्यावर धार लांब जाते हे खोटं नाही ना?

भौतिकी मास्तर

खोटं नाही, पण कारण वेगळं आहे.

नळीचं तोंड मोकळं असताना भरपूर पाणी वाहतं. टाकीतला जवळजवळ सगळा दाब नळीच्या लांबीत घासण्यात संपतो, तोंडाशी काही उरत नाही. अंगठा ठेवलात की पाणी कमी वाहू लागतं. पाणी कमी, म्हणून घासणं खूपच कमी, म्हणून अंगठ्याच्या मागे दाब शिल्लक राहतो. तो दाब फटीतून बाहेर पडताना वेगात बदलतो. अंगठ्याने दाब तयार केला नाही, वाटेत जाणारा वाचवला, आणि त्याची किंमत कमी पाण्यात मोजली. आज संध्याकाळी बादली भरून पाहा, एकदा मोकळ्या तोंडाने आणि एकदा अंगठा लावून. दुसऱ्या वेळी बादली उशिरा भरेल.

बागेला लांब धार नको, पाणी हवं. रिड्युसर टाकून पुढे ५० मिमी केला तर तेवढ्याच पाण्यासाठी १०० मीटरला ३ ऐवजी १० मीटर जातील. व्यास अर्धा केला तर घर्षण जवळपास तीस पट होतं. इतकं कठोर गणित शेतीच्या व्यवहारात दुसरं क्वचितच असेल.

विदर्भ ठिबक

बादली भरून पाहिली. मोकळ्या नळीने ४१ सेकंद, अंगठा लावून ६८. माझा सल्ला मागे घेतो.

रिवाइंडिंग काटोल

मास्तरसाहेब बरोबर बोलून राह्यले. पण साडेसात एचपीचं काय चूक? ऊर्जारेषा पंपापाशीच चढते, तुम्हीच म्हणता. मंग पंप मोठा करून ती वर उचलली तं बागेतही वर राहीन ना?

पाणीपुरवठा निवृत्त

राहील, पण किती उचलावी लागेल ते बघा. बागेला ५ लिटर हवेत. ६३च्या पाईपातून ५ लिटर ढकलले तर १०० मीटरला सव्वापाच मीटर, ३८० मीटरला २० मीटर घर्षण. चढाचे ४. ड्रिपरला १०. सबमेन आणि नळ्यांना २ धरा. ३६ मीटर झाले. म्हणजे पाणी चालू असताना फिल्टरच्या पुढं ३.६ किलो लागतील. मग कधी कोणी चुकून व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर लावली तर? तो पंप बंद तोंडावर ४ किलोच्या बराच वर जाईल, आणि भाऊंचा पाईप चार किलोचा आहे. मे महिन्यात उघड्यावर तापलेली पीव्हीसी तेवढंही सोसत नाही. तिथं सांधे सुटतील, आणि रात्रीच्या विजेवर मोटर चालू असताना सुटले तर सकाळपर्यंत विहीर नाल्यात.

घर्षण कमी करायला पैसा एकदा लागतो. घर्षणाला मोठ्या मोटरीनं पोसायचं तर विजेचा भार रोजचा.

रिवाइंडिंग काटोल

चार किलोच्या पाईपाचं मी लक्षात घेतलं नव्हतं साहेब. बरोबर आहे. अशा लाईनी फुटल्यावर लोक मोटर घेऊन माझ्याचकडं येतात, मोटरीचा दोष म्हणून. आता गिऱ्हाईकाले आधी लाईन विचारत जाईन.

नळयोजना ताई

सगळ्यांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या पाणी समितीत आहे. धागा वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्या वरच्या वस्तीचं दुखणं हेच. बारा मीटर उंच टाकी आहे, नवी आहे. सकाळी सहाला पाणी सोडलं की खालच्या आळीत घागरी भरून वाहतात आणि वरच्या वस्तीत नळातून हवा येते, फुसफुस. रात्री दहाला मात्र तोच नळ जोरात चालतो. बाया म्हणायच्या, खालच्यांनी मुद्दाम व्हॉल्व्ह फिरवला. भांडणं झाली, पोलीस पाटलांपर्यंत गेलं. कंत्राटदार आला, रात्रीच नळ दाखवून गेला, म्हणाला प्रेशर आहे.

काका, आता कळलं. सकाळी सगळे नळ उघडे असतात, म्हणून रेघ खाली. रात्री सगळे बंद असतात, म्हणून रेघ सपाट. बरोबर ना? आणि ज्यांनी टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी ओढणारी छोटी मोटर, लावलेत त्यांचं काय?

पाणीपुरवठा निवृत्त

ताई, शंभर टक्के बरोबर. दाब नेहमी सगळ्यात जास्त वापराच्या वेळी, सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबच्या नळावर मोजायचा. रात्री दहाचं गेज पंचनाम्यात घेऊ देऊ नका.

टिल्लू पंपाबद्दल फार कळकळीनं सांगतो. टाकीचं पाणी वरच्या वस्तीत पोहोचेपर्यंत दाबरेषा जमिनीपासून जेमतेम मीटरभर उरलेली असते. त्यात एकानं टिल्लू लावला की त्या जागी रेघ पाईपाच्या खाली जाते. रेघ पाईपाच्या खाली म्हणजे आत ओढ. त्या ओढीनं जिथं सांधा ढिला आहे तिथून बाहेरचं आत येतं. नळाची लाईन नालीतून गेली असेल तर नालीचंच पाणी येतं. गावात एकदम जुलाब-उलट्या सुरू झाल्या की मी आधी टिल्लू शोधायचो, मग गळती. ब्लीचिंग पावडर टाकून हे भागत नाही.

तुमच्याकडं सोपा उपाय असा की वस्तीचे दोन भाग करा, मध्ये व्हॉल्व्ह टाका, आधी वरच्यांना तासभर आणि मग खालच्यांना. निम्मे नळ बंद म्हणजे मुख्य पाईपात निम्मं पाणी, म्हणजे घर्षण चौथाईच्या आसपास. रेघ आपोआप वर येते.

धानपट्टा

रेघ पाईपाच्या खाली जाण्यावरून आमचं सांगतो. मी भंडारा जिल्ह्यातला. गावात माजी मालगुजारी तलाव आहे, मालगुजारांच्या काळातला. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून पाळीवरून पाईप टाकून सायफनने पाणी काढलं. पाळ तलावातल्या पाण्यापेक्षा तेव्हा तीन मीटर उंच होती. पाईप भरून खालचं तोंड उघडलं की मस्त वाहायचं, पण तासाभरात बंद. पुन्हा भरायचं, पुन्हा बंद. कुठेच गळती दिसेना, पाळीवरची जमीन कोरडी ठणठणीत.

शेवटी माझ्या मोठ्या भावाने पाळीवरच्या पाईपाला कान लावला. आत बारीक शीळ वाजत होती. सांध्यापाशी सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जात होती. ओला चिखल लावला तर तोही आत ओढला गेला. सोल्युशन लावून पट्टी मारली, तेव्हापासून दिवसभर चालतो.

तेव्हा नुसतं नवल वाटलं होतं. आता समजतं की पाळीवर दाबरेषा पाईपाच्या निदान तीन मीटर खाली होती.

भौतिकी मास्तर

भोकाला कान लावणारे तुमचे दादा खरे प्रयोगकर्ते. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाणी, त्यामुळे सायफन त्याहून उंच चढूच शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही, पाण्यातली विरघळलेली हवा सुटते आणि उंचवट्यावर साचते. तिथे पातळ पाईप असेल तर तो चपटाही होतो.

बागायतदार वरूड

मंडळी, काल पोरानं अन् मी एक गोष्ट करून पाह्यली. शेवटच्या ओळीच्या टोकाले नळीचं एण्ड कॅप काढून तिथं गवंडीभाऊची पारदर्शक नळी जोडली अन् अठरा फुटाच्या बांबूले उभी बांधली. मोटर चालू केली. पाणी नळीत चढत गेलं अन् तेरा फुटाच्या थोडं खाली थांबलं. तिथं कोळशानं खूण केली. थरथरत होतं पण खाली-वर जात नव्हतं. आपलं प्रेशर असं डोयानं पाहाले भेटंन असं वाटलं नव्हतं.

मंग पोराले बागेच्या अर्ध्या भागाचा सबमेन व्हॉल्व्ह बंद कराले पाठवलं. तो तिकडून हात दाखवते न दाखवते तं पाणी खुणेवरून सरसर वर गेलं अन् बांबूच्या शेंड्यावरून माह्या डोक्यावर पडलं. व्हॉल्व्ह उघडला, पुन्हा खाली, पुन्हा त्याच खुणेवर. तीन वेळा केलं. बायको अन् आईही पाहाले आल्या. आई म्हणे, ‘एका ताटातलं सगळ्याईनं खाल्लं तं शेवटच्याले काय उरन.’

आता खर्चाचं सांगा साहेब. ९० मिमी घेऊ की ७५?

पाणीपुरवठा निवृत्त

तेरा फूट म्हणजे ४ मीटर, ०.४ किलो. ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळानं चालतो, ०.४ चं वर्गमूळ ०.६३. ४०० मिलीचे २५० तुम्ही ग्लासात मोजलेच होते. सगळं जुळलं.

पाईपाचं असं. ५ लिटर पाण्याला, तुमच्या ३८० मीटरमध्ये, ७५ मिमी टाकला तर साधारण साडेआठ मीटर जातील. ९० टाकला तर साडेतीन. ९० सगळ्यात उत्तम. पण तिसराही मार्ग आहे, जुनी लाईन न उखडता तिच्या शेजारी दुसरी ६३चीच टाकायची. दोन्ही टोकांना टी मारून जोडायची. प्रत्येकीत अडीच लिटर, घर्षण साडेपाच मीटर. हातात पाईप असेल तर हा सगळ्यात स्वस्त. फक्त दोन्हींवर वेगवेगळा व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे एक फुटली तर दुसरीवर बाग जगेल, आणि वाटेत कुठं उंचवटा असेल तर तिथं एअर व्हॉल्व्ह.

बागायतदार वरूड

लहान भावाच्या वावरात ६३चे पाईप पडून होते, त्याची बोअर आटल्यापासून. बहुतेक तेच वापरले, नवे फक्त अकरा घेतले. चौघंजण लागलो, दोन दिवसांत नाली खोदून जोडून झाले. धुऱ्यावर उंचवटा होता, तिथं एअर व्हॉल्व्ह बसवला.

काल रात्री साडेदहाले लाईन (वीज) आली. बॅटरी घेऊन विहिरीवर गेज पाह्यलं तं २ किलो. आधी २.२ होतं, फिल्टर धुतल्यावर तं त्याहून थोडं जास्त दिसत होतं. माह्या पोटात गोळाच आला, एवढं करून प्रेशर उतरलं कसं. तिथून अंधारात बागेत जाईपर्यंत काय काय मनात आलं. बागेतल्या गेजवर उजेड मारला : १.०५.

मंग शेवटच्या ओळीत ग्लास धरला, बायकोनं मोबाईलवर तीन मिनिटं मोजली. ३८० मिली.

पाणीपुरवठा निवृत्त

२० मधून साडेदहा गेले, साडेनऊ. त्यातले ४ चढाचे, साडेपाच घर्षण. वाट मोकळी झाली म्हणून पाणी वाढलं, पाणी वाढलं म्हणून पंपाचं हेड उतरलं. विहिरीवरचं गेज खाली आलं हीच चांगली खूण होती. आता वेळ कमी करा भाऊ. झाडाला १२० लिटर द्यायचे तर शेवटच्या ओळीला आधी सहा तास लागत होते. आता चार तासांत होईल. नाहीतर पुढच्या ओळींच्या मुळ्या पाण्यात राहतील आणि डिंक्या रोग येईल.

रिवाइंडिंग काटोल

एक राह्यलं भाऊ. पाणी वाढलं म्हणजे मोटरवरचा भारही थोडा वाढला असंन. स्टार्टरवर अँपिअर पाहा, मोटरीच्या पाटीवरच्या आकड्याशी लावून. वर जात असंन तं कळवा, मी येऊन ओव्हरलोड रिले सेट करून देतो. तुमच्या गावाकडं मंगळवारी यणंच आहे.

बागायतदार वरूड

पाह्यलं. पाटीवरच्या आकड्याच्या आतच आहे. तरी मंगळवारी या, घरी जेवाले या. सोबत ते दोन गेजवाले फिटिंगही घेऊन या, भावाले त्याच्या वावरात लावाचे आहेत.